आधी टोकं, मग मुळं

पेणच्या गणपती कारखान्यांत आषाढ लागला की बायकांच्या डोक्यावरचे रुमाल दिवसभर सुटत नाहीत. पेण शहरात आणि पलीकडे हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघरी मूर्ती बनतात. त्यातलं घासकाम आणि बरंचसं रंगकाम बायकांच्या हातचं. मूर्ती साच्यातून निघून वाळली की काचकागदाने तिचे सांधे घासायचे. त्यातून उडणारी पांढरी पूड भुवयांत, मानेवर आणि रुमालातून निसटलेल्या प्रत्येक बटेत जाऊन बसते. संध्याकाळी रुमाल सोडला की कपाळापासून कानापर्यंतचे केस पांढरे दिसतात आणि त्यात घातलेलं बोट दोन पेरांपुढे सरकत नाही.

जाणत्या बायका ती पूड लगेच पाण्याने धूत नाहीत. आधी डोकं खाली घालून केस झटकायचे, मग सुती फडक्याने कोरडेच पुसायचे, मग बोटांना खोबरेल लावून टोकांकडून वर जायचं, कंगवा फिरवायचा आणि सगळ्यात शेवटी पाणी. "पावडर डोक्यात असताना पाणी घेतलंस तर दगड झाला समज," असं एक मावशी कामावर नव्याने आलेल्या पोरीला बजावत होत्या. मावशींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून त्यातलं बरंचसं पाणी घालवलेला जिप्सम. पाणी परत मिळालं की तो घट्ट होतो, मग तो साच्यात असो की वेणीत. शाडूच्या मातीचं तसं नसतं. ती पाण्याने निघते, फक्त खूप पाणी मागते.

केस गळण्यावर, पिकण्यावर आपल्याकडे भरपूर छापून येतं. गुंत्यावर कोणी लिहीत नाही. तो घरातला, रोजचा, बायकांचा विषय, त्यात लिहिण्यासारखं काय, असा समज असावा. मला तो पटत नाही. वेळेवर न सोडवलेल्या गुंत्याची महाराष्ट्रात जट होते आणि जटेपायी इथे मुलींची अख्खी आयुष्यं देवाच्या नावाने गेलेली आहेत. गुंता आणि जट यांच्यामध्ये फक्त काही आठवड्यांचं दुर्लक्ष असतं. म्हणून साध्या वेणीफणीबद्दल मनापासून आणि तपशिलात बोलायला हवं.

केस गुंततो तो त्याच्या पृष्ठभागामुळे. केसावर केराटिनच्या पातळ खवल्यांचं आवरण असतं. मंगलोरी कौलं छपरावर एकावर एक चढवतात तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे एकमेकांवर बसलेले असतात. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर केस मऊ लागतो, उलटं फिरवलं तर अडतो. ऊन, खारं पाणी, तीव्र साबण, रंग, जोरजोरात घासलेला टॉवेल यांनी खवल्यांच्या कडा उचलल्या जातात आणि शेजारच्या केसाच्या कडांत अडकतात. शिवाय आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यातले पन्नास ते शंभर रोज गळतात. विंचरलं तर ते कंगव्यात येतात. विंचरलंच नाही तर ते डोक्यातच राहतात आणि जिवंत केसांना वेढे घालतात. गुंत्याचा गाभा बहुतेक वेळा या गळलेल्या केसांचाच असतो.

कुरळे केस जास्त गुंततात असं आपण धरून चालतो. 2007 साली एका फ्रेंच संशोधकाने केशकर्तन करणाऱ्यांकडून प्रत्यक्ष डोकी तपासून गुंते मोजून घेतले, तेव्हा सरळ केसांत गुंते जास्त निघाले. कुरळे केस एकमेकांना जास्त वेळा भेटतात खरे, पण सरळ केस भेटतात तेव्हा मोठ्या कोनात भेटतात आणि तिथे गाठ पटकन धरते, असा त्याचा हिशेब होता. कुरळे केस सोडवायला जास्त अवघड असतात, ही गोष्ट वेगळी.

हार्वर्डमध्ये एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. दोन तंतू एकमेकांभोवती पिळून त्यांनी त्यात एकच दात ओढला आणि पीळ कसा सरकतो याचं गणित मांडलं. निष्कर्ष असा: मोकळ्या टोकाशी सुरुवात करायची, छोटे छोटे हात मारायचे आणि टप्प्याटप्प्याने वर जायचं. वरून एका दमात ओढलं की पीळ खाली ढकलला जातो, दाटत जातो आणि शेवटी कंगवा अडतो. घराच्या ओट्यावर बसून नातीची वेणी घालणारी कुठलीही आजी हेच करते. वेणीच्या मध्यावर डाव्या मुठीत केस घट्ट धरायचे म्हणजे ओढ मुळाला लागत नाही, आणि मुठीखालची वीतभर टोकं आधी मोकळी करायची. मग मूठ वर. पोर रडत नाही, कारण दुखतं ते मुळाशी आणि मुळापर्यंत ओढ पोहोचतच नाही. सकाळच्या शाळेच्या घाईत आपण नेमकं हेच विसरतो, टाळूपासून कंगवा घालतो आणि पोर ओरडली की तिलाच दटावतो.

पेण तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे खारेपाट. भरती रोखणारे बांध, खाडीचा वारा, मिठागरांचा जुना प्रदेश. वाशी, शिर्की, वडखळच्या बाजूला घरात बोअरवेल असली तरी पाणी बरेचदा मचूळ. अशा जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यात फेस धरत नाही, उलट त्याचा चिकट साका केसांवर बसतो. केस धुऊनही राठ राहतात आणि राठ केस गुंततात. इथल्या बायका डोक्याला अंगाचा साबण लावत नाहीत, शिकेकाई किंवा रिठ्याचं पाणी घेतात, त्यामागे हा अनुभव आहे. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचे नैसर्गिक फेसद्रव्य असते, साबणासारखा साका त्यातून धरत नाही. शिकेकाई शिवाय किंचित आम्ल असल्याने खवले बसलेले राहतात. शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळून तो केसांवरून घेण्याचा प्रकारही याच तत्त्वावर चालतो. शाम्पूनंतरचा कंडिशनर तेच काम जास्त नेमकेपणाने करतो. धुतलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या घटकांवर धन. ते केसाला चिकटतात आणि खवल्यांवर एक गुळगुळीत थर देतात. ज्या घरात तो परवडतो तिथे तो चैनीची वस्तू समजू नये.

पण शिकेकाई असो की कंडिशनर, आधी पाणी लागतं. लांब केस नीट न्हायचे तर बादलीभर पाणी सहज जातं. खारेपाटातल्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही रायगडातली वर्षानुवर्षांची बातमी आहे. त्याच तालुक्यात हेटवणे धरण आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. एप्रिल-मे महिन्यात खारेपाटातल्या मुलींच्या डोक्याचे बुचडे आठ-आठ दिवस तसेच राहतात, त्याला आळस म्हणणं अन्याय आहे. हंडा दुरून आणायचा असेल तर तो स्वयंपाकाला, पिण्याला, गुरांना. डोक्याचा नंबर शेवटचा.

रोह्याचं चित्र उलट आहे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात जनित्रं फिरवून कुंडलिकेत उतरतं. हे वीजघर 1927 पासून चालू आहे आणि त्यामुळे कोलाडकडून येणारी ही नदी ऐन वैशाखातही वाहती असते. नदीकाठच्या गावांना न्हाण्याच्या पाण्याची चणचण नसते. इथला गुंता वाऱ्याचा आहे. दिवा–रोहा गाडीने नोकरीला, कॉलेजला जाणाऱ्या मुली दाराशी किंवा खिडकीशी उभ्या राहतात. केस ओले असतात, कारण पहाटे न्हाऊन वाळवायला वेळ नसतो. ओला केस सहज ताणतो, पण त्याच वेळी कमकुवत असतो. त्याच्या आतले काही बंध पाण्याने सुटलेले असतात. तशात मोकळे सोडलेले ओले केस तासाभराच्या वाऱ्यात सापडले की मानेमागे, कानाच्या वरच्या बाजूला, जिथे पिशवीचा पट्टा घासतो तिथे गाठी बसतात. रोहा स्टेशनजवळच्या एका पार्लरमधल्या ताईंनी मला एका मुलीच्या मानेमागची अशी गाठ दाखवली. सुपारीएवढी, बाहेरून केस गुळगुळीत विंचरलेले, आत गोळा. मुलीला तो लागत होता, पण रोज वरवर विंचरून ती त्याच्यावर क्लिप लावत होती.

ताईंनी ती गाठ कशी सोडवली ते सांगते, कारण घरी हे करता येतं. आधी गाठीच्या भोवतालचे मोकळे केस बाजूला करून क्लिपांनी धरले. गाठीवर पाणी अजिबात लावलं नाही. खोबरेल आणि थोडं कंडिशनर तळहातावर एकत्र करून गाठीत बोटांनी जिरवलं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबल्या. मग कंगव्याला हात न लावता दोन्ही हातांच्या बोटांनी गाठ आडवी फाकवायला सुरुवात केली, उभी ओढली नाही. आडवी फाकवली की गाठीत अडकलेले गळके केस एकेक करून सैल येतात आणि काढून टाकता येतात. मोठ्या दातांच्या कंगव्याचं टोकाचं एकच दातरं वापरून उरलेले वेढे उकलले. काम तासभर चाललं. सहा-सात केस कापावे लागले. मुलगी सगळा वेळ मोबाईल बघत बसली होती, म्हणजे दुखलं नसावं. ताईंचा एकच नियम होता: ज्या क्षणी राग यायला लागेल त्या क्षणी हात धुऊन चहा प्यायचा.

तेल न्हाण्याच्या आधी लावायचं की नंतर, हा घरोघरीचा वाद. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना करून 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन कमी करण्याचं काम त्यांच्यापैकी फक्त खोबरेलाने केलं, आधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो. बाकीची तेलं वरच राहतात. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीचं आहे हे लक्षात ठेवूनही, कोकणातल्या न्हाणीघरांचा अनुभव त्याला दुजोरा देतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग उटणं, हा क्रम केसांच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. फक्त त्या दिवशी घाईत एक पायरी गळते. तेल लावल्यावर आणि पाणी घेण्याआधी केस पूर्ण विंचरून घ्यायला हवेत. न विंचरता न्हालं, वर केस डोक्यावर गोळा करून शाम्पू चोळला, की असलेला गुंता पाण्याने आवळला जातो. शाम्पू टाळूला लावायचा, केसांवरून तो पाण्याबरोबर खाली जाईल तेवढा पुरे. टॉवेलने घासायचं नाही, जुन्या मऊ धोतराच्या नाहीतर सुती साडीच्या तुकड्यात दाबून टिपायचं. रात्री सैल वेणी. लहान मुलींनाही रात्रीची वेणी हवी, सगळ्यात जास्त गुंता उशीवर होतो.

आणि फणी आणि कंगवा यांची कामं वेगळी आहेत. बारीक दातांची लाकडी फणी उवा-लिखांसाठी. ती गुंत्यात घातली की केस तुटणारच. गुंता मोकळा झाल्यावर, तेलकट केसांतून, शेवटी फणी. पेणच्या बाजारात आठवडाभर वापरायचे स्वस्त प्लास्टिकचे कंगवे मिळतात. ते घेताना दातांच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहावं. साच्याची धारदार रेघ लागली तर तो कंगवा रोज केसांचे खवले खरवडणार.

आतापर्यंतचं सगळं धडधाकट माणसाचं झालं. ज्याला स्वतःचा हात डोक्यापर्यंत नेता येत नाही, त्याचं काय? घरोघरच्या आजारपणांत मी हे पाहिलेलं आहे आणि मला ते फार लागतं. टायफॉइडने तीन आठवडे पडलेली मुलगी, खुब्याचं हाड मोडलेली आजी, डोक्याला रुमाल बांधून ठेवलेली बाळंतीण. बाळंतिणीला गार लागू नये म्हणून दिवसेंदिवस न्हाऊ घालत नाहीत, विंचरतही नाहीत. त्यात बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम जास्त गळू लागतात. हे नैसर्गिक आहे, गरोदरपणात न गळलेले केस तेव्हा गळतात. गळलेला प्रत्येक केस रुमालाखाली आतच राहतो. घाम, तेल, उशीचं घर्षण आहेच. डोक्याच्या मागच्या बाजूला एक चपटी गादी तयार होते. रोहा तालुक्यातल्या एका घरात सासूबाईंनी सुनेचं हे ओळखलं आणि रोज संध्याकाळी बाळ झोपलं की तिचं डोकं मांडीवर घेऊन बोटभर जागा मोकळी करत गेल्या. आठवड्यात डोकं साफ झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे केस मधोमध भांग पाडून कानांच्या वर दोन सैल वेण्यांत बांधले, म्हणजे डोक्याखाली गाठ येत नाही. रोज उजवी कूस, डावी कूस करताना एकेक वेणी सोडून विंचरता येते. पाणी लागत नाही, पाच मिनिटं लागतात आणि कोणाचे तरी दोन हात लागतात.

ते दोन हात मिळत नाहीत तिथे जट होते.

वैद्यकात तिला प्लायका म्हणतात. 1884 साली ल पाझ या डॉक्टरने इंग्लंडमध्ये सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरच्या अशा जटेची नोंद केली. पूर्व युरोपात त्याआधी शतकानुशतकं ती इतकी दिसे की तिला पोलंडचं नाव पडलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांची समजूत होती की जट शरीरातला रोग बाहेर ओढून घेते आणि कापली तर माणूस आंधळा होतो किंवा वेडा होतो. क्राकोचे डॉक्टर युझेफ दीतल यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं की हा रोग नाही, अस्वच्छता आणि समजुतीचा परिणाम आहे. त्यांनी जटाधारींची मोजणी करवली. जटेवर कर बसणार अशी अफवा पसरली आणि लोकांनी आपणहून जटा कापल्या. दीतल पुढे 1866 मध्ये क्राकोचे महापौर झाले.

आपल्याकडे समजूत आणखी पक्की आहे, कारण तिच्यामागे देवी उभी केलेली आहे. मुलीच्या डोक्यात जट दिसली की यल्लम्मेचं बोलावणं आलं. जट कापली तर घरावर कोप. सौंदत्तीला नेऊन मुलगी देवीला सोडायची आणि मग तिचं आयुष्य गावाच्या हवाली. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी हे जग मराठीत आणलं आणि त्यावर आधारलेल्या राजीव पाटील यांच्या 'जोगवा' या 2009 च्या चित्रपटात मुक्ता बर्वे यांच्या सुलीचं सगळं दैव एका जटेपासून सुरू होतं. मुलींना देवाला वाहण्यावर मुंबई प्रांतात 1934 मध्ये, कर्नाटकात 1982 मध्ये कायद्याने बंदी आली. महाराष्ट्राचा नवा कायदा 2005 चा. रायगडात देवदासी प्रथेचा पगडा कोल्हापूर-सांगलीइतका कधी नव्हता, पण जटेची भीती घाट उतरून कोकणातही येते. म्हातारी आजी, वीटभट्टीवर काम करणारी बाई, नवऱ्याने टाकलेली लेक. जटेच्या ओझ्याने मान दुखते, एका कुशीवर झोपता येत नाही, आत उवा होतात, खाजवून जखमा होतात, वास येतो, कोणी जवळ बसवून घेत नाही. मन आजारी असेल, नैराश्याने बाईने स्वतःकडे बघणं सोडलं असेल, तरी जट दिसते आणि घरच्यांना देवी दिसते, आजार दिसत नाही. हा मला सगळ्यात मोठा घात वाटतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जटामुक्ती हे नेटाने करण्याचं काम मानलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. काम थांबलं नाही. समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांचा ब्यूटी पार्लरचा व्यवसाय होता. केसांची सगळी जाण त्यांनी या कामाला लावली आणि दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या. त्यांच्या कामात कात्री सगळ्यात शेवटी येते. आधी बाईशी बोलणं, मग नवऱ्याशी, सासूशी, कधी शेजाऱ्यांशी. महिना-दोन महिने जातात. कापल्यावर घरात कोणाला ताप जरी आला तरी त्याचं खापर जटेवर फुटणार, हे ठाऊक असल्याने नंतरही त्या संपर्कात राहतात. मला या कामाचा मोठेपणा इथे दिसतो: भीतीची चेष्टा न करता तिच्यासमोर बसून राहण्यात.

घरात कोणाची जट असेल तर आधी ती किती जुनी आहे ते पाहावं. काही दिवसांची असेल, टाळूजवळ बोट आत जात असेल आणि बाहेरून दाबल्यावर ती मऊ लागत असेल, तर रोह्याच्या पार्लरमधली पद्धत वापरून दोन-तीन बैठकांत ती सुटते. महिन्यांची, दोरखंड झालेली जट सुटत नाही. ती सोडवण्याच्या हट्टाने बाईला तासन्‌तास ताणत बसू नये. ती कापावी लागते आणि केस निर्जीव असल्याने कापताना दुखत नाही. टाळू आणि जट यांच्यामध्ये कंगवा आडवा सरकवून त्याच्या वरून कात्री चालवायची म्हणजे कातडीला इजा होत नाही. टाळूला जखमा किंवा पू असेल तर आधी डॉक्टर. कापल्यावर कोमट पाण्याने डोकं धुवायचं, उवांचं औषध डॉक्टरांना विचारून लावायचं. बराच काळ ओझं वाहिलेल्या मानेला सुरुवातीला हलकं, विचित्र वाटतं. ते चार-आठ दिवसांत जातं, हे बाईला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ती त्यालाच कोप समजते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पहिले दोन-तीन महिने कंगव्याचीही गरज नसते, तेलाचं बोट पुरतं. केस बोटभर लांब झाले की मोठ्या दातांचा कंगवा आणायचा आणि टोकांपासून सुरुवात करायची.